तालुक्याच्या शोरूममध्ये गाड्या विकताना व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाग्राम नेमकं कसं वापरायचं?

बार्शी_सेल्स

नमस्कार मंडळी. बार्शीत चारचाकीच्या शोरूममध्ये सेल्स कन्सल्टन्ट आहे. महिन्याला ४०-५० चौकशा वाट्याला येतात. वैराग, कुर्डूवाडी, परांडा या पट्ट्यातलं गिऱ्हाईक. शेतकरी, शिक्षक, दुकानदार आणि पुण्यात नोकरी करून गावी आई-वडिलांसाठी गाडी घेणारी मुलं.

सध्या रोज सकाळी स्टेटसला कंपनीचं पोस्टर टाकतो, सणाला शुभेच्छा पाठवतो आणि २०० जणांच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर महिन्याची स्कीम टाकतो. उत्तर जवळजवळ कुणाचंच येत नाही. इन्स्टावर डिलिव्हरीचे फोटो आहेत, त्यावर लाइक फक्त शोरूममधल्या पोरांचे.

मला एक गाडी विकून मोकळं व्हायचं नाही. त्या घरातली पुढची गाडी, त्यांच्या पाहुण्यांची गाडी माझ्याकडे यावी अशी ओळख टिकवायची आहे. दिवसाला ४०-४५ मिनिटं देऊ शकतो. कुठून सुरुवात करू? जाणकारांनी बारकाव्यासकट सांगावं.

---

जुना_टीमलीडर

भाऊ, आधी ब्रॉडकास्टचं बघू, कारण तुमची निम्मी मेहनत तिथं वाया जातेय. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोहोचतो. तुम्ही त्याचा नंबर सेव्ह केला असून उपयोग नाही. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण त्यातल्या किती जणांकडे तुमचा नंबर आहे हे बघा. शेवटच्या ब्रॉडकास्ट मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहिती उघडा. कुणाला पोहोचला, कुणी वाचला याची यादी दिसते. दोन दिवसांनंतरही ज्यांना पोहोचलेला दिसत नाही, त्यांच्या फोनमध्ये बहुधा तुम्ही नाहीच. स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचा नंबर असल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे गिऱ्हाइकाने तुमचा नंबर मनाने सेव्ह करणं. ‘सर, माझा नंबर सेव्ह करा’ म्हणून कुणी करत नाही. डिलिव्हरीच्या दिवशी सगळी कागदपत्रं एकाच चॅटमध्ये पीडीएफ करून पाठवा: इनव्हॉइस, विम्याची पॉलिसी, टॅक्सची पावती, एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचा कागद. खाली एकाच मेसेजमध्ये रोडसाइड असिस्टन्सचा टोल फ्री नंबर, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा नंबर आणि ‘गाडी ठोकली तर आधी काय करायचं’ याच्या चार ओळी. त्याला म्हणा, ‘हा चॅट पिन करून ठेवा, पॉलिसी कधी लागली तर इथंच सापडेल.’ रात्री अकराला टेंभुर्णीच्या पुढे गाडीला धक्का लागला की माणूस तुमचाच चॅट उघडतो. ज्याचा उपयोग होतो त्याचा नंबर फोनमधून जात नाही.

अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. शोरूमचं सिम असेल तर त्यावर बिझनेस आणि घरच्या नंबरवर साधं, एकाच फोनमध्ये दोन्ही चालतात. प्रोफाइलला कंपनीचा लोगो नको, स्वतःचा स्वच्छ फोटो लावा. लोगो तर समोरच्या गल्लीतल्या ऑटो कन्सल्टन्टच्या प्रोफाइललाही असतो. नावात तुमचं नाव, ब्रँड, बार्शी. कामाच्या वेळा भरा आणि रात्रीसाठी अवे मेसेज लावा: ‘सकाळी साडेनऊला उत्तर देतो. गाडी बंद पडली असेल तर हा नंबर लावा.’ त्या दुसऱ्या वाक्याला फार किंमत आहे.

लेबल २० पर्यंत करता येतात, पण सहाच पुरतात. नवी चौकशी, ड्राइव्ह झाली, फायनान्स अडकलं, बुकिंग, डिलिव्हरी दिली, दुसरीकडे घेतली. शेवटचं लेबल बहुतेक जण ठेवतच नाहीत. ज्याने दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली त्याला मनापासून अभिनंदन पाठवा आणि त्या लेबलात टाका. त्याच्या भावाला गाडी घ्यायची असेल तेव्हा तो तुम्हाला विसरलेला नसतो.

नंबर सेव्ह करताना आडनाव, गाव, मॉडेल, डिलिव्हरीचा महिना-वर्ष एवढं नावातच लिहा. सर्चमध्ये ‘वैराग’ टाकलं की गावातली सगळी गिऱ्हाइकं समोर. सर्व्हिस कॅम्प लागतो तेव्हा हे कामाला येतं.

आता फॉलोअप. ‘सर काय ठरलं?’ हा मेसेज कायमचा बंद करा. त्यात गिऱ्हाइकाला काहीच मिळत नाही, उलट उत्तर द्यायचं ओझं वाढतं. प्रत्येक मेसेजमध्ये त्यानेच विचारलेली एखादी गोष्ट जावी. सीएनजीत डिकी किती उरते विचारलं होतं? टाकी बसवलेल्या डिकीत दोन प्रवासी बॅगा ठेवून फोटो पाठवा. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणाला होता? मागच्या दारातून आत बसायची उंची टेपने मोजून फोटो काढा. असा मेसेज तिसऱ्या दिवशी एक, सातव्या दिवशी एक. मग सरळ विचारा, ‘आता कधी विचारू?’ त्याने ‘दिवाळीनंतर’ सांगितलं की दिवाळीनंतरच.

आपल्या भागात ही ‘कधी’ची तारीख पिकावर असते. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकलं जातं, उसाची बिलं गाळप सुरू झाल्यावर येतात. पण ‘बिल जमा झालं का’ असं कधीही लिहू नका. माणसाच्या पैशाची चौकशी मेसेजवर करणं त्याला लागतं. ‘कोणत्या महिन्याची डिलिव्हरी धरू?’ एवढंच विचारा.

पितृपंधरवड्यात बुकिंगचा आग्रह बंद ठेवा, काम मात्र चालू राहू द्या. कोटेशन, टेस्ट ड्राइव्ह, एक्सचेंजच्या गाडीची पाहणी, लोनची कागदपत्रं, सगळं त्या १५ दिवसांत उरकतं आणि घटस्थापनेला बुकिंग होतं.

डिलिव्हरीनंतरचं वेळापत्रक फोनच्या कॅलेंडरमध्ये त्याच दिवशी टाका. संध्याकाळी ‘पोहोचलात का’. बरेच जण नवी गाडी आधी भगवंताच्या देवळाशी नेतात, नाहीतर तुळजापूरला, त्यामुळे घरी पोहोचायला उशीर होतो हे धरून विचारा. तिसऱ्या दिवशी ब्लूटूथ जोडलं गेलं का, टायरमधली हवा किती ठेवायची. दहाव्या दिवशी आरसीची स्थिती. पहिल्या मोफत सर्व्हिसच्या आठवडाभर आधी एक आठवण, मात्र किलोमीटर आणि मुदत तुमच्या कंपनीच्या सर्व्हिस बुकलेटमधूनच लिहा. आणि अकराव्या महिन्यात विमा. याकडे नीट लक्ष द्या. नव्या गाडीला थर्ड पार्टी ३ वर्षांचा असतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग सहसा एकाच वर्षाचा. कागदावर तीन वर्षं दिसतात म्हणून लोक निश्चिंत राहतात आणि दुसऱ्या वर्षी अपघात झाला की डोक्याला हात लावतात. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर नूतनीकरणात २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. मुदत संपून ९० दिवसांत पॉलिसी केली नाही तर तो जातो. हे सगळं मेसेजमध्ये लिहा. आणि पॉलिसी शोरूममधूनच घ्यावी अशी सक्ती करता येत नाही, हेही लिहा. एवढं खरं लिहिलंत की लोक आपणहून तुमच्याकडे येतात.

---

वर्षा_कॅमेरा

व्हॉट्सअ‍ॅपचं दादांनी सांगितलंच, मी इन्स्टाग्रामबद्दल लिहिते.

हार, पेढे, कार्डबोर्डची मोठी चावी आणि ओळीने उभं राहिलेलं कुटुंब. हा फोटो त्या कुटुंबासाठी आहे, तुमच्या पेजवरच्या अनोळखी माणसाला त्यात बघण्यासारखं काही नाही. तो फोटो कुटुंबाला पाठवा, त्यांच्या स्टेटसवर लागू दे. तिथे तो त्यांच्या दीडशे नातेवाइकांना दिसतो आणि ‘कुठून घेतली?’ हा प्रश्न तिथेच येतो.

पेजवर गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची उत्तरं टाका. एका रीलमध्ये एकच प्रश्न, ३० ते ४५ सेकंद. पहिल्या दोन सेकंदांत तो प्रश्न तोंडाने विचारायचा आणि पडद्यावरही लिहायचा. नमस्काराने आणि शोरूमच्या नावाने सुरुवात केली की लोक पुढे सरकतात, नाव शेवटी घ्या. विषय शोरूममध्येच मिळतात: पाच माणसं बसल्यावर गाडी किती खाली दबते (कंपनीच्या कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचा असतो). चाइल्ड सीट आयसोफिक्सला (गाडीच्या सीटमध्ये त्यासाठीच दिलेल्या कड्यांना) कशी अडकवायची. ऑटोमॅटिक गाडी चढावर थांबवून परत कशी उचलायची. टायर किती जुना आहे हे त्यावरच्या चार आकड्यांवरून कसं ओळखायचं (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष). भाषा बार्शीचीच ठेवा. पुस्तकी मराठीत मायलेज सांगणारा माणूस जाहिरात करतोय असं वाटतं.

चित्रीकरण सकाळी ८ ते १० किंवा संध्याकाळी ५ नंतर, यार्डात. शोरूमच्या आत काचांची चमक आणि एसीचा आवाज दोन्ही येतात. लेन्स पुसा, कॉलर माइक लावा. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज कळला नाही तर बघत नाहीत. चालत्या गाडीत फोन हातात धरून स्वतः चालवत शूट करू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय बघणारा तुमच्या ताब्यात आपली गाडी कशी देईल? सीटबेल्ट प्रत्येक फ्रेममध्ये लावलेला असावा, मागच्या सीटवरसुद्धा.

गाणी: बिझनेस अकाउंटला सिनेमाची गाणी वापरायचा परवाना नसतो. वैयक्तिक अकाउंटवरून धंद्याच्या रीलला चालू गाणं लावलं तर रील म्यूट होऊ शकते. तुमचा आवाज हेच पार्श्वसंगीत.

मायलेज सांगताना ‘चाचणीतला आकडा’ असं तोंडाने म्हणा. सुरक्षिततेचे स्टार सांगताना रेटिंग कोणत्या व्हेरियंटच्या चाचणीवरून आलंय तेही सांगा. किंमत सांगायची असेल तर तारीख पडद्यावर हवीच. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण त्याआधीची रील शोधात वर आली तर लोक तिच्यातलीच किंमत धरून बोलतात. जुन्या किमतीच्या रील संग्रहात हलवून टाका, पुसायची गरज नाही.

परवानगी हा वेगळा विषय आहे आणि इथे मी कडक आहे. फोटो टाकायचं डिलिव्हरीच्या क्षणी विचारू नका. हार गळ्यात असताना, दहा माणसांसमोर कुणी ‘नको’ म्हणत नाही. आदल्या दिवशी मेसेजवर विचारा: ‘उद्याचा फोटो इन्स्टाग्रामला टाकला तर चालेल का? नको असेल तरी काही हरकत नाही.’ उत्तर लेखी राहतं. भावकीत वाटणीचा वाद चालू असतो, उसनवारी असते, घरात आजारपण असतं. गाडी घेतल्याचं गावभर व्हावं असं प्रत्येकाला वाटत नाही. घरातल्या बायकांना आणि मोठ्या मुलींना वेगळं विचारा, घरच्या कर्त्याचा होकार त्यांचा होकार नसतो. नंबर प्लेट, चॅसिस नंबर, घराचा पत्ता दिसत असेल तर झाका. काढायला सांगितलं तर त्याच दिवशी काढा, कारण विचारू नका.

---

बार्शी_सेल्स

दादा, ताई, मनापासून आभार. ब्रॉडकास्टची माहिती आत्ताच उघडून बघितली. २०० पैकी ६१ जणांनाच पोहोचलाय.

आणखी दोन गोष्टी. कमेंटमध्ये लोक ‘किंमत?’ विचारतात, आम्हाला ‘इनबॉक्स करा’ असं लिहायला सांगितलंय. आणि सेल्स मॅनेजर म्हणतात सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढ. काढू का?

---

कोटेशन_काउंटर

‘इनबॉक्स करा’मुळे माणूस निघून जातो. एक्स-शोरूम किंमत कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसते, ती लपवून काय मिळणार? कमेंटमध्ये व्हेरियंटचं नाव, एक्स-शोरूम किंमत आणि आजची तारीख लिहा. पुढे ‘ऑन-रोडचा हिशोब इंधन आणि विम्यावर बदलतो, नंबर दिलात तर फोडून पाठवतो.’ डिस्काउंट मात्र उघड लिहू नका. कॉर्पोरेट, एक्सचेंज, लॉयल्टी यांचे निकष माणसागणिक वेगळे असतात. एकाला लिहिलेला आकडा दुसरा हक्काने मागतो.

कोटेशन पीडीएफमध्येच द्या, व्हॉइस नोटवर कधीच नाही. ओळी सुट्या हव्यात: एक्स-शोरूम, रोड टॅक्स आणि नोंदणी, विमा, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी. यातलं ऐच्छिक काय तेही समोर लिहा. गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर) वेगळा दाखवा आणि तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करता येतो हे लिहा. ही एक ओळ नसल्यामुळे ‘शेवटी दहा-बारा हजार वाढवले’ अशी तक्रार येते.

भांडणाचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. स्कीम बहुतेक वेळा बुकिंगच्या तारखेवर नाही, बिल फाटतं त्या तारखेवर लागू होते. गिऱ्हाइकाने २५ तारखेला ऑफर बघून बुकिंग केलं, गाडी पुढच्या महिन्याच्या १० ला आली, स्कीम बदललेली. म्हणून स्टेटसला ऑफर टाकताना ‘या महिन्यात बिल होणाऱ्या आणि स्टॉकमधल्या गाड्यांनाच’ हे शब्द त्याच पोस्टरवर हवेत. वेटिंगमधल्या गिऱ्हाइकाला दर आठवड्याला एक ठरलेल्या दिवशी मेसेज करा, काही नवीन नसलं तरी: ‘अजून अलॉटमेंट नाही, पुढचा मेसेज शनिवारी.’ दहा दिवस गप्प राहिलं की त्याला वाटतं त्याची गाडी दुसऱ्याला दिली.

दसऱ्याला सगळ्यांना सकाळीच गाडी हवी असते. आठ दिवस आधी मेसेजवर अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट वाटा आणि सांगा की पैसे, बँकेची डिलिव्हरी ऑर्डर दोन-तीन दिवस आधी पोहोचली तरच नोंदणी होऊन नंबर प्लेट बसते. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी पीडीआय (गाडी ताब्यात देण्याआधीची तपासणी) झाल्यावर मिनिटभराचा व्हिडिओ फक्त त्या गिऱ्हाइकाला पाठवा: चारी बाजू, ओडोमीटर, चॅसिस नंबर, टायर, स्टेपनी, जॅक-पाना. ‘ओरखडा आधीच होता’ हा वाद उरत नाही.

---

जुना_टीमलीडर

ग्रुप काढू नका. दीडशे लोकांचे नंबर एकमेकांना उघडे होतात. त्यांनी नंबर गाडीच्या व्यवहारासाठी दिला होता, गावभर वाटायला नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचं सूत्रही हेच आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला, आणि संमती मागे घेता आली पाहिजे. दुसरं, एकाने ‘माझा क्लच लवकर गेला’ लिहिलं की पुढचे चार दिवस तेच चालतं आणि तुम्ही त्यातलं एकही दुरुस्त करू शकत नाही.

मॅनेजरना व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल सुचवा. त्यात फॉलोअर एकमेकांना दिसत नाहीत, कुणी नको असेल तर निघून जातो. आठवड्याला दोन पोस्ट पुरेत: एक सर्व्हिस कॅम्प किंवा पावसाळ्यापूर्वी वायपर-टायर तपासणीसारखी कामाची, एक वर्षाताईंच्या धर्तीची रील.

जुन्या याद्यांवर स्वतःच्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे कॉल करत असाल तर तेही थांबवा. व्यापारी कॉलसाठी १४० ची मालिका आहे. गिऱ्हाइकाने १९०९ वर तक्रार केली तर नंबर बंद होऊ शकतो, आणि मग हे सगळं उभं केलेलं त्या सिमबरोबर जातं.

---

सर्व्हिस_बे

विक्रीतला नाही, वर्कशॉपच्या बाजूने एक भर घालतो. पेजवर तक्रार आली की कमेंट पुसू नका. पुसली की तो स्क्रीनशॉट घेऊन तालुक्याच्या फेसबुक ग्रुपवर जातो. त्याच दिवशी एकदाच, सगळ्यांसमोर लिहा: ‘तुमची गाडी उद्या सकाळी १० ला घेऊन या, मी स्वतः वर्कशॉपमध्ये असेन.’ पुढचं फोनवर. त्याचा जॉबकार्ड, लोनची अडचण, थकलेलं बिल यातलं काहीही कमेंटमध्ये यायला नको, तुम्ही बरोबर असलात तरी. गाडी नीट झाल्यावर त्याच कमेंटखाली ‘१४ तारखेला काम पूर्ण’ एवढंच लिहा.

गूगल रिव्ह्यू मागताना मॅट किंवा परफ्यूम देऊ नका. बक्षीस देऊन घेतलेले रिव्ह्यू गूगलच्या नियमात बसत नाहीत, काढून टाकले जातात. पहिल्या सर्व्हिसनंतर मागा, त्याच्या फोनवरून, त्याच्या शब्दांत. डिलिव्हरीच्या दिवशी सगळेच पाच स्टार देतात, ते वाचणाऱ्यालाही कळतं. हजार किलोमीटर चालवलेल्या माणसाने ‘पिकअप चांगला, एसी मागे थोडा कमी लागतो’ असं लिहिलं की तो चार स्टारचा रिव्ह्यू जास्त गाड्या विकतो.

त्या ६१ जणांपासूनच सुरुवात करा. उरलेल्या १३९ मधून डिलिव्हरी दिलेली गिऱ्हाइकं वेगळी काढा आणि रोज पाच जणांना, ब्रॉडकास्ट न करता एकेकाला, त्यांच्या पॉलिसीची पीडीएफ आणि संपायची तारीख पाठवा. पॉलिसीची प्रत इन्शुरन्स डेस्ककडे असते.